नववीच्या मुलांना आपापल्या अडचणी वर्गासमोर सांगायला लावल्या, तर त्यांच्यात सहानुभूती वाढते का?

लावू नका. 'सांगायला लावल्या' यातच घोटाळा आहे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही वर्गशिक्षिका आहात, नववीत दोन तट पडलेत, आणि शनिवारी सगळ्यांना गोल बसवून एकेकाला बोलतं करायचा विचार आहे. नेमकं हेच आम्ही केलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

मी पुण्यात पर्वतीच्या बाजूच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी भागात ओढ्याकाठची घरं गेली, माणसं गेली. माझ्या वर्गातल्या ५४ पैकी पाच मुलांच्या घरात पाणी शिरलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या मराठीच्या बाईंनी पुढाकार घेऊन बाहेरून एका समुपदेशक ताईंना बोलावलं. हॉलमध्ये सतरंज्या, मधोमध समई, आणि अहवालाला लागतील म्हणून फोटो काढायला शिपाईमामा. ताईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "इथे बोललेलं इथेच राहील." ५४ पोरांच्या वतीने ही हमी त्यांनी कुणाच्या भरवशावर दिली, देव जाणे.

पहिली दहा-बारा मुलं बेताबेतानं बोलली. गणित जमत नाही, आई मोबाईल देत नाही, आजोबा वारले. मग पाणी शिरलेल्या त्या पाचांपैकी एकाची पाळी आली. तो गप्प. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, आणि मीच म्हणालो, "सांग की रे, सगळे सांगतायत." हे वाक्य माझं. ना बाईंचं, ना ताईंचं.

त्याने सांगितलं. पाणी रात्रीतून चढलं, आईचं शिलाई मशीन पाण्याखाली गेलं, शिवायला आलेले लोकांचे ब्लाउज चिखलात गेले, आणि आता गिऱ्हाइकं दारात येऊन कापडाचे पैसे मागतात. शाळेची सगळी वह्या-पुस्तकंही गेली. दोन मुली रडल्या. ताईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, म्हणत होते ना मी!

सोमवारी मधल्या सुट्टीत मैदानावरून हाक आली, "ए पूरग्रस्त, बॉल टाक!" त्यात दुष्टावा फारसा नव्हता, पण नाव चिकटलं. आठवडाभरात त्याचा डबा जिन्याखाली जाऊन बसला.

माझी आजी नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ती गोष्ट ती शेवटपर्यंत रंगवून सांगायची, न विचारता सांगायची. तिला कुणी पूरग्रस्त म्हणून चिडवणं शक्यच नव्हतं, कारण ऐकणाऱ्याच्याही घरात तेच पाणी आलेलं. आमच्या वर्गात पाच जणांकडे पाणी आलं आणि उरलेले ४९ जण प्रेक्षक झाले. प्रेक्षक हळहळतात आणि डबा खायला जातात.

बाईंचं म्हणणं, एवढ्यावर सोडू नका, अजून दोन सत्रं घेऊ. त्यावरून आमची स्टाफरूममध्ये चांगलीच वाजली. मी माझ्या परीने काय केलं, तर ज्या मुलाने ते नाव पाडलं त्यालाच याच्याबरोबर बसवला. याची जर्नल वाहून गेलेली, त्याची अर्धीच झालेली. दोघांनी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून दोन्ही पुऱ्या करायच्या, आणि दोन्ही पुऱ्या झाल्याशिवाय मी एकावरही सही करणार नाही. बी.एड.ला इलियट ॲरन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग शिकवतात. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये १९७१ साली गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे वर्ग नुकतेच एकत्र झाले होते आणि रोज मारामाऱ्या होत होत्या. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. दुसऱ्याचा तुकडा ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. मी ते परीक्षेपुरतं पाठ करून विसरलो होतो. एकमेकांवाचून काम अडलं पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं होतं.

एका रविवारी आकृत्या राहिल्या म्हणून तो याच्या घरी गेला. सोमवारी प्रार्थनेआधी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "सर, त्यांच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे. माझ्या इथपर्यंत येते." आणि हात छातीवर ठेवला. बास, एवढंच बोलला. आपले वडील पितात, हे त्याने आकृत्यांना नावं देता देता याला सांगितलं होतं म्हणे. मला ते दोन वर्षांनी कळलं. त्याला कुणी गोलात बसवून विचारलं नव्हतं.

(पुढे २०२१ ला दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि निकालात नववीच्या गुणांना १०० पैकी ५० चं वजन आलं. नववीची ती मेहनत अशी कामी आली.)

बाईंचं उत्तर तयार होतं, "पण वह्या वाहून गेल्या हे तुम्हाला कळलं कुठून? त्याच गोलातून ना?" हो, कळलं तिथूनच. आणि मशीनच्या दुरुस्तीची वर्गणीही बाईंनीच गाजावाजा न करता काढली, मी नाही. माझं म्हणणं एवढंच की बाजूला घेऊन विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. महिनाभर मी विचारलं नव्हतं, हा भाग मी त्या वादात गाळायचो.

तरी तुम्हाला तास घ्यायचाच असेल तर फोटो नकोत, आणि 'मला नाही बोलायचं' म्हणणाऱ्याला कुणी ढोसायचं नाही. बोलण्यापेक्षा लिहून घ्या, घडी घालून तुमच्याकडे. 'इथलं इथेच राहील' असं मात्र चुकूनही म्हणू नका. लैंगिक छळाचं काही बाहेर आलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर पाठ असू द्या. वर्गातल्या दोन तटांचं काय करायचं, ते मला तुमचा वर्ग न बघता सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी तो स्वारगेटला भेटला. बोलता बोलता फोन वाजला, पडद्यावर नाव आलं, 'जर्नल'. उचलल्या उचलल्या पलीकडून मोठ्याने, "कुठंयस पूरग्रस्त?"

मी विचारलं, अजून तेच म्हणतात का रे तुला?

"तो एकटाच म्हणतो, सर. बाकी कुणी म्हटलेलं त्याला चालत नाही."

हे बाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या म्हणतील, बघा, गोलामुळेच.