एकवीस पूर्ण होण्याआधी

प्रश्न : ताई, मी सहा वर्षांची असताना आई-बाबांबरोबर न्यू जर्सीत आले. बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई आणि मी त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या एच-४वर. बाबांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१७ची आहे. आय-१४० ही कंपनीने भरलेली ग्रीन कार्डची याचिका प्रीमियममध्ये, म्हणजे जादा फी भरून, पंधरा दिवसांत मंजूर झाली, पण ग्रीन कार्डचा नंबर अजून लागलेला नाही. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, डेटा सायन्स शिकते. येत्या नोव्हेंबरात मला एकवीस पूर्ण होतील. परवा एका कंपनीकडून उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची ऑफर आली. एचआरने आय-९ हा कामाची परवानगी तपासण्याचा फॉर्म भरायला पाठवलाय, ड्रायव्हिंग लायसन्स चालेल म्हणतात. मैत्रीण म्हणते, बिनपगारी कर म्हणजे प्रश्नच नाही. काका म्हणतात, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून कर आणि पगार तिथल्या खात्यात घे. बाबा म्हणतात, तुझं नाव माझ्या फाइलमध्ये आहेच, काळजी करू नकोस. मी कोणाचं ऐकू?
— रु., एडिसन

उत्तर : तो आय-९ आज भरू नकोस. बाकी सगळं आपण नीट बघू, पण हे आधी.

त्या फॉर्मवर चार चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीवर खूण करून खाली सही करायची असते. नागरिक, नागरिक नसलेला 'नॅशनल', ग्रीन कार्डधारक, किंवा कामाची परवानगी असलेला परदेशी. एच-४वरचं मूल यांतल्या एकाही चौकटीत बसत नाही. २०१५पासून एच-४ला ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) मिळतं हे तू ऐकलं असशील, पण ते काही ठरावीक जोडीदारांसाठी आहे, म्हणजे कदाचित तुझ्या आईला मिळेल, तुला नाही. लायसन्स हा ओळखीचा पुरावा आहे, कामाच्या परवानगीचा नाही. मी अनेक वर्षं एका कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काम केलं. इथेच वाढलेली, इथल्यासारखंच बोलणारी मुलं घाईत 'नागरिक' या चौकटीवर खूण करतात, ही भीती मला कायम वाटत आली. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगितलं तर पुढे ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो आणि त्याला माफी जवळपास नाही. लायसन्सच्या काउंटरवर मतदार नोंदणीबद्दल विचारतात, तिथेही हाच धोका आहे. तिथे स्पष्ट 'नाही' म्हणायचं.

मैत्रिणीचा सल्ला चांगल्या मनाचा आहे, पण ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते तू फुकट केलंस तरी ते कामच धरलं जाऊ शकतं. सेवाभावी संस्थेत, जिथे सगळेच स्वयंसेवक असतात, तिथे जरूर जा. काकांच्या बाबतीत सांगायचं तर तू बसलेली असशील एडिसनमध्ये. पगार पुण्यात जमा झाला म्हणून काम पुण्यात झालं असं होत नाही.

आता बाबांचं म्हणणं. त्यांच्याशी हे बोलणं तुला जड जाईल हे मला कळतं, कारण तुझ्यासाठीच त्यांनी इतकी वर्षं रांगेत काढली आहेत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि तेवढ्यातच बायको-मुलंही मोजली जातात. रांग लांबली यात बाबांचा काही दोष नाही. पण एकविसाव्या वाढदिवसाला तुझं एच-४ संपतं, आय-९४वर (किती दिवस राहता येईल ते दाखवणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर) पुढची तारीख असली तरी. बाबांच्या फाइलमध्येही तू एकवीसपर्यंतच 'मूल' धरली जातेस. तिथे २००२चा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अॅक्ट थोडी सूट देतो : नंबर लागेल त्या दिवशीच्या तुझ्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होती तितके दिवस वजा करायचे. उत्तर एकवीसच्या आत आलं आणि वर्षभरात अर्ज केला, तर तू 'मूल'च राहतेस. तुमच्या बाबतीत वजा होणार जेमतेम पंधरवडा. जास्तीचे पैसे भरून लवकर मंजुरी घेणाऱ्यांच्या मुलांना ही सूट सगळ्यात कमी मिळते, याचं मला फार वाईट वाटतं. त्याआधी लेबर सर्टिफिकेशनमध्ये (त्या कामाला इथला माणूस मिळत नाही हे कंपनीने दाखवण्याच्या पायरीत) गेलेला काळ यात धरत नाहीत. म्हणून नंबर लागेल या आशेवर नोव्हेंबर येऊ देऊ नका.

तुझा रस्ता एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, हा आहे. याच आठवड्यात कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि आय-२०साठी (एफ-१साठी कॉलेजने द्यायच्या दाखल्यासाठी) काय लागतं ते विचार. खर्चाची सोय आहे हे दाखवायला बाबांची बँकेची कागदपत्रं लागतील, म्हणजे ते बोलणं टळणार नाहीच. आय-२० हातात आलं की सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर भरायचे आणि वाढदिवसाच्या आत, शक्यतो उन्हाळ्यातच, आय-५३९ हा एच-४वरून एफ-१वर जाण्याचा अर्ज दाखल करायचा. निकाल येईपर्यंत देशाबाहेर गेलीस तर अर्ज सोडून दिला असं धरतात, तेव्हा आजीकडची फेरी पुढे ढकल. एफ-१ मंजूर होईपर्यंत कॅम्पसवरचं कामही नाही. दुसरा मार्ग मुंबईला जाऊन एफ-१चं स्टॅम्पिंग करून (वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसा घेऊन) येण्याचा. तो कधी कधी लवकर होतो, पण तिथे शिक्षण संपल्यावर परतण्याचा इरादा अधिकाऱ्याला पटवावा लागतो आणि घरची ग्रीन कार्डची फाइल चालू असताना ते सोपं नसतं. विचारलं तर खरं तेच सांगायचं. वकिलाशी बोलल्याशिवाय मी तुला या मार्गाने पाठवणार नाही. फी इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) राहते का, हेही कॉलेजला आधीच विचार. एफ-१ झाल्यावर काही ठिकाणी ती बदलते.

वकिलाकडे जाताना आय-१४०ची मंजुरीची नोटीस ने, त्यावर अर्ज मिळाल्याची आणि मंजुरीची अशा दोन्ही तारखा हव्यात. सीबीपीच्या (सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याच्या) साइटवरून आजचं आय-९४ही छापून घे. लहानपणी आपल्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि विमानतळावर आय-९४ची तारीख कधी कधी पासपोर्टच्या तारखेवर थांबवतात. घरात कोणाच्या लक्षात येत नाही. सगळे जुने पासपोर्ट जपून ठेव.

एफ-१ मिळाल्यावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं आणि त्या नोकरीवर सोशल सिक्युरिटी नंबरही काढता येतो. शिक्षण चालू असताना अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या इंटर्नशिपसाठी सीपीटी ही परवानगी आहे. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयातल्या कामाच्या परवानगीचे, १२ महिने, आणि तुझा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी २४.

कंपनीला लपवाछपवी न करता लिही : या उन्हाळ्यात मला कामाची परवानगी नाही, पुढच्या उन्हाळ्यात पदवीनंतर ओपीटीवर येता येईल असा माझा प्रयत्न आहे, तेव्हा माझा विचार कराल का? ओपीटीचा अर्ज विद्यार्थ्यानेच करायचा असतो, त्यासाठी कंपनीला वेगळा अर्ज करावा लागत नाही, हेही त्यात लिही.