शिराजला कायमचे येताना: नवरोजच्या आधी की नंतर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यजमान मूळचे इराणमधल्या शिराजचे, मुले सहा आणि तीन वर्षांची, आणि पुण्यातले घर आवरून कायमचे तिकडे जायचे ठरले आहे. सासरच्या मंडळींचा आग्रह आहे की २०२५च्या नवरोजआधी, म्हणजे इराणी नववर्षाच्या सणाआधी, पोहोचावे. पाहुण्यांच्या वर्दळीत लहान मुलांची फरपट होईल, म्हणून सण उरकल्यावर एप्रिलच्या मध्यावर निघावे, असे तुम्हाला वाटते. अकरा वर्षांपूर्वी मीही पुण्याहूनच शिराजला आले आणि याच विचाराने सण संपल्यावर आले. ती चूक होती असे आज मी निःशंकपणे म्हणेन. नवरोजच्या तेरा दिवसांत सारे गणगोत एकमेकांच्या घरी जाऊन येते. तेवढे दिवस हुकल्यामुळे कोण कोणाची आत्या आणि कोणाचा मामा, हे समजायला मला पुढचे वर्ष लागले. तुम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात या.

मुलांच्या दृष्टीने खरा सण आधीच्या पंधरवड्यात असतो. एस्फंद हा इराणी वर्षाचा शेवटचा महिना; त्यात घरोघरी खाने-तकानी, म्हणजे शब्दशः घर झाडून हलवणे, चालू असते. गालिचे धुतले जातात, पडदे उतरतात, कपाटे रिकामी होतात. याच दिवसांत सब्जे, म्हणजे धान्याचे हिरवे अंकुर, रुजत घालतात, आणि ते काम तुमच्या सहा वर्षांच्या मुलाकडे द्या. घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो, तसेच हे. फक्त येथे माती नसते, पसरट ताटली असते. गहू किंवा मसूर भिजवायचे, मोड डोकावले की ताटलीत पसरून ओल्या फडक्याखाली ठेवायचे, मुळे एकमेकांत गुंतली की फडके काढून रोज पाणी शिंपडायचे. सणाच्या दोन आठवडे आधी सुरुवात केली तर अंकुर बोटभर आणि हिरवेगार मिळतात. फार लवकर घातले तर ऐन दिवशी पिवळे पडतात. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी पाणी जास्त घालून सब्जे कुजवले आणि ती फार रडली; तेव्हापासून आम्ही दोन ताटल्या ठेवतो.

वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी सायंकाळी, म्हणजे २०२५ साली १८ मार्चला, चहारशंबे-सूरी येते. लोक लहान लहान शेकोट्या पेटवून त्यांवरून उड्या मारतात आणि आगीला उद्देशून म्हणतात, माझा पिवळेपणा तुला, तुझी लाली मला. होळी पाहिलेल्या मुलांना आगीचे नवल वाटणार नाही, पण येथे मी ठामपणे सावध करते. अलीकडे या संध्याकाळी रस्त्यांवर घरगुती बनावटीचे स्फोटक फटाके उडतात आणि दर वर्षी माणसे, विशेषतः मुले, भाजून रुग्णालयात जातात. रस्त्यावर जाऊ नका. आजेसासऱ्यांच्या अंगणात गुडघ्याखालची शेकोटी, सुती कपडे, हाताशी पाण्याची बादली आणि धाकट्याला कडेवर, एवढेच पुरे.

नवे वर्ष मध्यरात्री सुरू होत नाही, ही गोष्ट मुलांना आधीच समजावून ठेवा. वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणी वर्ष पालटते आणि तो क्षण दर वर्षी जवळपास सहा तासांनी पुढे सरकतो: २०२३ साली तो रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी होता, २०२४ साली सकाळी ६ वाजून ३६ मिनिटांनी, आणि २०२५ साली २० मार्चला दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी आहे. भारतात तेव्हा अडीच वाजलेले असतील, त्यामुळे पुण्यातल्या आजी-आजोबांना फोनवरून त्या क्षणी सोबत बसवता येईल. मुंबईचे पारशी जमशेदी नवरोज साजरा करतात तो हाच वसंतसंपाताचा सण. ऑगस्टमधले पारशी नववर्ष वेगळे. शिराजमध्ये या क्षणी अनेक कुटुंबे कवी हाफिजच्या समाधीपाशी जमतात, परंतु तीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्या गर्दीत पहिल्याच वर्षी जाऊ नये, असे माझे मत आहे.

घरी सारे हफ्त-सीनभोवती बसतात. स या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडायच्या: सब्जे, समनू, सेंजेद, सीर, सीब, सोमाग आणि सेरके. सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सेरके म्हणजे आपला शिरका; सेंजेद हे सुक्या बोरासारखे दिसणारे फळ, सोमाग ही आंबट तांबूस पूड, आणि समनू हा मोड आलेल्या गव्हाचा, साखर न घालता शिजवून गोड होणारा दाट, गुळाच्या रंगाचा पदार्थ. मुलांचा फारसीचा पहिला धडा म्हणून या सात शब्दांहून चांगले काही मला सुचत नाही. शेजारी आरसा, मेणबत्त्या आणि रंगवलेली अंडी असतात. अंडी रंगवण्याचे काम धाकट्यालाही जमते. बाजारात काचेच्या भांड्यांत सोनेरी मासे मिळतील, पण ते सातांपैकी नाहीत आणि बहुधा काही दिवसांतच मरतात. मुलांनी लळा लावलेला जीव सणात मरावा, हे मला सहन होत नाही. आम्ही तो घेणे बंद केले आहे.

त्यानंतर ईद-दीदनी, म्हणजे भेटी. आधी वडीलधाऱ्यांकडे जायचे, मग ते तुमच्याकडे येतात; वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल तेथे सर्वांत आधी जाण्याची रीत आहे, तेवढी यजमानांना विचारून घ्या. प्रत्येक घरी चहा, चण्याच्या पिठाच्या छोट्या कुकीज, फळे (काकडी येथे फळांतच मोडते) आणि आजील, म्हणजे पिस्ते-बदाम-बियांचा सुका खाऊ, समोर येतो. धाकट्याच्या हाती आजील देऊ नका, घशात अडकेल. मोठी माणसे कोऱ्या नोटांची ईदी देतात. मुलांनी ती दोन्ही हातांनी घेऊन आभार मानावेत, नको म्हणू नये. फरपटीची तुमची भीती येथे खरी ठरू शकते, म्हणून दिवसाला दोन घरे, दुपारची झोप मोडायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सासूबाईंना सांगून टाका. माझ्या सासूबाईंनी तो विनातक्रार मानला. तुम्ही शाकाहारी आहात. सणाच्या जेवणात हिरव्या भाज्यांचा भात आणि मासा असतो, तेव्हा आधी कळवले तर वेगळे काढून ठेवतात. अंडे चालत असेल तर कूकू-सब्जी, म्हणजे हिरव्या भाज्या घातलेले जाड ऑम्लेट, मिळेल.

२०२५ साली नवरोज रमजानमध्ये येतो, आणि हजरत अलींच्या शहादतीचा दिवस त्याच सुमारास आहे. त्यामुळे वातावरण शांत असेल, भेटी इफ्तारनंतर होतील, दिवसा बाहेर उघडपणे खाणे-पिणे टाळावे लागेल. मुलांच्या खाण्याची सोय घरीच करून निघत जा. कचेऱ्या आणि पुष्कळ दुकाने सणात बंद असतात व भारतीय बँकांची कार्डे इराणमध्ये चालत नाहीत, म्हणून कागदपत्रे आणि रोकड यांची कामे एस्फंद संपण्याआधीच उरकावीत. शाळेची घाई नाही. नवे वर्ष सप्टेंबरअखेरीस सुरू होते.

तेराव्या दिवशी, २ एप्रिलला, सीझदह-बेदर: कोणी घरी थांबत नाही, सारे बागांत आणि ओढ्याकाठी जेवायला जातात आणि मुले सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात. त्याच्या तीन दिवस आधी, ३० मार्चला, आपला गुढीपाडवा आहे आणि मुलांना सुटीच असेल. तांब्याचा गडू, रेशमी खण, साखरेची गाठी आणि वाळवलेला कडुनिंब पुण्याहूनच सामानात घाला. काठी येथे मिळते.