आवाज १२ वर

पत्र: आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात आम्ही दोघे, ७६ वर्षांच्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि तिसरीतली मुलगी. जेवणानंतरचा एक तास सर्वांनी मिळून टीव्ही पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे. पण मालिकांत विषप्रयोग आणि कटकारस्थाने, तर वेब मालिकांत शिव्या. सासूबाई सोवळ्या वृत्तीच्या आहेत. पहाटे जप आणि पूजा आटोपल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. मी मुद्दाम निवडून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लावले, तरी दहा मिनिटांत ‘माझी जपाची वेळ झाली’ म्हणून त्या उठल्या. टाळेबंदीत ‘रामायण’ लागे तेव्हा मात्र शेवटपर्यंत बसत. मुलाच्या अभ्यासामुळे टीव्हीचा आवाज १२ च्या वर न्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो स्वतः हेडफोन लावून आपल्या खोलीत असतो. सासूबाईंना रुचतील अशा निर्मळ मालिकांची यादी द्याल का?
(स्वच्छ मालिकेच्या शोधात असलेली एक सून)

उत्तर: यादी मी आज देणार नाही. तुमच्या पत्रातील ‘१२’ या आकड्यावर मी अडखळले आणि पुढचे सगळे पत्र मला त्या आकड्यातूनच दिसू लागले.

सासूबाईंचा जप पहाटेच उरकतो, हे तुम्हीच लिहिले आहे. मग रात्री साडेनऊला त्यांना कोणत्या जपाची आठवण होते? ‘टिपरे’मध्ये न रुचण्यासारखे काय आहे? २००१ साली सुरू झालेली, तीन पिढ्यांच्या एका साध्या घराची ती मालिका. त्यातले आबा रोजच्या रोज अनुदिनी लिहितात आणि दिलीप प्रभावळकरांनी ते असे उभे केले की घरोघरी लोक त्यांना आपले आजोबा समजू लागले. एवढ्या निरुपद्रवी मालिकेतून एक आजी उठून जाते, याचे कारण मला तरी त्यांच्या सोवळ्यात सापडत नाही. त्यांना ऐकू येत नसावे, असे मला वाटते.

‘रामायणा’चा तुम्ही काढलेला अर्थही मला पटत नाही. ती मालिका २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी लागत असे, तेव्हा तुमच्या सासूबाई चाळिशीच्या आत-बाहेर असतील. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तोवर कथा त्यांना जन्माची पाठ होती आणि पात्रेही एकेक वाक्य सावकाश, थांबत थांबत बोलणारी. पुढचा संवाद ठाऊक असला की निम्मे शब्द निसटले तरी माणूस मागे पडत नाही. शिवाय त्या दिवसांत तुमचा मुलगा दहावीत नव्हता आणि आवाजावर पहाराही नसणार.

उतारवयात कान जातात ते बहुधा वरच्या पट्टीकडून. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने आधी पुसट होतात, स्वर मात्र पोहोचत राहतात. त्यामुळे कुणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही, आणि त्यातच मागे संगीत वाजत असले तर शब्द त्यात बुडूनच जातात. म्हणून अशी माणसे ‘मला ऐकू येते’ म्हणतात तेव्हा खोटे बोलत नसतात. माझे वडील त्या वयात प्रत्येक प्रश्नाला ‘हो, हो’ म्हणू लागले होते. म्हातारपणी किती समजूतदार झाले, म्हणून आम्ही भावंडे त्यांचे कौतुक करत होतो. ‘चहा घेणार की कॉफी?’ या प्रश्नालाही ‘हो’ असे उत्तर आले, त्या दिवशी आमची बोलती बंद झाली.

तुमच्याविषयी मला सहानुभूती वाटायला हवी, पण खरे सांगायचे तर थोडा रागच आला. ज्याला त्रास होऊ नये म्हणून आवाज १२ वर बांधून ठेवला, त्याच्या दोन्ही कानांत हेडफोन आहेत. आणि जिला त्या आवाजाची गरज आहे, तिने चारचौघांत ‘काय म्हणाला गं?’ असे पुन्हा पुन्हा विचारण्यापेक्षा जपमाळ हातात घेणे पसंत केले. तिच्या या संकोचाला तुम्ही सोवळे समजलात. तो नियम आजच मोडा. मात्र आवाज वाढवल्याने पुसट झालेली अक्षरे स्पष्ट होतीलच असे नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

येत्या शनिवारी सासूबाईंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचे. डॉक्टर आधी कानात मळ साचला आहे का ते पाहतील, कधी कधी तेवढ्यानेही काम भागते. नाहीतर श्रवणचाचणी करायला सांगतील. हे काम तुम्ही मात्र करू नका. कान सोनारानेच टोचावेत, आणि इथे सोनार तुमचे यजमान आहेत. सुनेने ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ म्हटले तर ते टोचून राहील; मुलाने ‘आई, चल, मलाही कान दाखवायचेत’ असे म्हणून रिक्षा बोलावली तर त्या पदर सारखा करून निघतील. श्रवणयंत्र लागलेच, तर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाजसुद्धा अंगावर येतो आणि ‘काढून ठेवा ते’ अशी कुरकुर होते. त्या काळात यंत्र डबीत परत जाऊ न देणे, हेही यजमानांकडेच सोपवा.

त्यानंतर एका रात्री रिमोट सासूबाईंच्या हातात द्या आणि त्यांनाच विचारा, काय लावू? त्या विषप्रयोगाची मालिका मागतील, अशी माझी अटकळ आहे.