पहिला डीएनएस बंद पडला तरच दुसरा वापरला जातो ना?

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता सांगणारा सर्व्हर. तुम्ही लिहिलंय की लातूरच्या घरी राउटरमध्ये प्रायमरी डीएनएस १.१.१.३ (क्लाउडफ्लेअर कंपनीचा, प्रौढ साइट अडवणारा) आणि सेकंडरी ८.८.८.८ (गुगलचा) टाकलाय, तरी पोरांच्या मोबाइलवर नको त्या साइट मधूनच उघडतात. फिल्टर बरोबर आहे, घोळ सेकंडरीचा आहे.

सेकंडरी म्हणजे स्टेपनी, चाक पंक्चर झाल्याशिवाय ती निघत नाही, असं आपण धरून चालतो. तसा नियमच नाही. विंडोज पहिल्याची वाट साधारण सेकंदभर बघतं आणि दुसऱ्याला विचारतं. बऱ्याच राउटरच्या पोटात डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम असतो. तो मुद्दाम सांगितल्याशिवाय क्रम पाळत नाही. मधूनमधून दोघांनाही विचारतो आणि जो आधी उत्तर देईल त्याच्याकडे जात राहतो. म्हणजे १.१.१.३ धडधाकट असतानाही ८.८.८.८ उत्तर देऊन मोकळा होतो, आणि त्याच्याकडे प्रौढ साइटचा फिल्टर नाही.

तेव्हा दोन्ही रकान्यांत फिल्टरवालाच पत्ता हवा. १.१.१.३ चा जोडीदार १.०.०.३ आहे, पण दोन्ही क्लाउडफ्लेअरचेच. १४ जुलै २०२५ ला त्यांच्याच सेटिंगमधल्या चुकीनं त्यांचे बिनफिल्टरचे १.१.१.१ आणि १.०.०.१ तासभर एकदमच गेले होते. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट होती, म्हणून निभावलं. मी तर सेकंडरीत ओपनडीएनएस या दुसऱ्या सेवेचा, प्रौढ साइट अडवणाराच फॅमिलीशील्ड टाकीन: २०८.६७.२२२.१२३. दोघांच्या अडवायच्या साइटच्या याद्या तंतोतंत सारख्या नाहीत, एखादी साइट एकात अडेल, दुसऱ्यात सुटेल. तेवढं चालतं.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचा डीएनएस वेगळा असतो, तोही बघा. नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडंच. आणि अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. तिथं दुसऱ्या डीएनएसचं नाव भरलं की राउटरला कुणी विचारतच नाही. नीटची तयारी करणारं पोरगं हे कधीच शोधून बसलेलं असतं, त्यामुळं ते आधी तपासा.

बदल केल्यावर सगळ्या फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा.

बाकी रस्ता खोदताना जेसीबीनं फायबर तोडली तर दोन काय, दहा डीएनएस टाकून उपयोग नाही. नेट गेलं की कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत ‘पिंग ८.८.८.८’ (ping 8.8.8.8) टाइप करून बघा, त्या पत्त्यावरून उत्तर येतंय का ते कळतं. उत्तर येतंय पण साइट उघडत नाही, तर बहुतेक डीएनएस. उत्तरच नाही, तर केबलवाल्याला फोन.