कावा: आधी घोड्याचा, मग माणसाचा

खानापूर तालुक्यातल्या दहावीतल्या एका मुलीनं विचारलंय: "वैशाखातल्या शिवजयंतीला भाषण करायचं आहे. गनीम म्हणजे शत्रू आणि कावा म्हणजे कपट. मग महाराजांच्या लढाईला आपणच 'शत्रूचं कपट' का म्हणतो? आणि कावा हा शब्द कन्नड 'कावलु'वरून आला काय?"

पोरी, प्रश्न फार चांगला विचारलास. जन्मभर 'गनिमी कावा, गनिमी कावा' म्हणणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

आधी 'कावलु'चं सांगून टाकते. कावलु म्हणजे राखण, पहारा. त्याचा आणि आपल्या काव्याचा संबंध नाही. नुसता आवाज सारखा आहे. कावळा धूर्त म्हणून त्याच्यावरून कावा, असंही कुणी सांगेल. तेही खरं नाही. कावळा संस्कृत 'काक'च्या घरातला.

कावा फारसीच्या वाटेनं आला, आणि आला तो घोड्याबरोबर. घोड्याला गोल रिंगणात फिरवणं, म्हणजे कावा. हिंदीत 'कावा काटना' म्हणजे गोल चक्कर मारणं, आणि त्यावरूनच नजर चुकवून सटकणं.

निपाणीकडे माझ्या आजोळी शर्यतीची घोडी असायची. सकाळी नांगरलेल्या भुसभुशीत रानात मामा मधोमध उभा राहायचा, हातात लांब दोर, आणि घोडी त्याच्याभोवती फिरायची. वीस-पंचवीस फेरे झाले की दोर ओढून तिला उलट्या अंगानं फिरवायचं. मी बांधावर बसून बघायचे. सरळ पळणारी घोडी बघणाऱ्याला कळते. ही मात्र अंगावर येते असं वाटेपर्यंत कललेली असायची आणि पाठ फिरवून निघून गेलेली असायची. काव्याचा लाक्षणिक अर्थ मला कोशात सापडला त्याच्या कितीतरी आधी त्या बांधावर कळला होता.

स्वार शत्रूवर चालून येतो, समोरचा भाला सरसावतो, आणि ऐन वेळी घोडा वळसा घेऊन भलत्याच बाजूला जातो. मग 'वळसा' या अर्थाला 'डावपेच' चिकटला आणि पुढे 'कपट'. आपल्या बोलण्यात फिरण्यावरून फसवण्याकडे जाणारे शब्द पुष्कळ आहेत. "त्यानं मला पार फिरवला" म्हणतो. आडवळणानं बोलणाऱ्यावर आपला विश्वास बसत नाही.

कावा आणि लबाडी मात्र एक नव्हेत. लबाडी उभ्या उभ्या होते, वजनकाट्यावर बोट टेकवलं की झाली. थाप मारतात. कावा रचावा लागतो, साधावा लागतो, आणि समोरच्यानं तो ओळखला तर संपला. फसगत चुकूनही होते, पण "माझ्याकडून चुकून कावा झाला" असं मराठी माणूस म्हणूच शकत नाही. ठरवून, आखून केलेली गोष्ट हा या शब्दाचा गाभा. बेळगावच्या बाजारात "मोस माडबेडा" ऐकू येतं. तो कन्नड 'मोस' आपल्या फसवणुकीच्या जवळचा, काव्याच्या नव्हे.

आता गनीम. अरबी शब्द, गनीमत म्हणजे लूट, त्याच घरातला. मुघलांच्या फारसी कागदांत मराठ्यांना सर्रास 'गनीम' म्हटलेलं असतं. म्हणून 'मुघली अंमल' म्हणजे मुघलांचा, तसा 'गनिमी कावा' म्हणजे गनिमांचा, पण बघणारा मुघल आहे, हे लक्षात ठेव. त्यांच्या लेखी गनीम आपण. शत्रूनं ठेवलेलं नाव आपल्या लोकांनी उचललं आणि मानानं मिरवलं, असंच मला ठामपणे वाटतं. चपळ दख्खनी घोडी, अंगावर ओझं कमी, घाटवाटा पाठ. जड चिलखतातल्या फौजेला तितक्या झपाट्यानं वळताच येत नसे. नाव त्या वळण्याला पडलंय.

पानिपतावर, १७६१ साली, याच गोष्टीवरून वाद झाला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि पायदळ यांच्या भरवशावर गोल बांधून, म्हणजे फौजेचा चौफेर व्यूह रचून, लढायचं, की गनिमी काव्यानं, यावर सरदारांत एकमत नव्हतं. मल्हारराव होळकर काव्याच्या बाजूचे होते. 'गोल' तिथंही होता, पण तो उभा राहून लढायचा. काव्याचा गोल पळता.

शेजारच्या कन्नड शाळेत हेच 'गेरिल्ला युद्ध' म्हणून शिकवतात. तो शब्द स्पॅनिश, अर्थ 'छोटं युद्ध', आणि तो गाजला १८०८ नंतर, नेपोलियनविरुद्ध स्पेनमध्ये लोक लढले तेव्हा. भाषणात तो सांगायला हरकत नाही. पण त्यात लढाईचा आकार आहे, घोडा नाही.

आणि एक, लिहिताना जप. 'काव्यानं' हे रूप कावा आणि काव्य दोन्हींचं सारखंच होतं. स्पर्धेच्या वहीत "महाराजांनी काव्याने शत्रूला जिंकले" असं वाचून एका परीक्षकानं मुलाला कवितेबद्दल विचारलेलं मी पाहिलंय. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. 'गनिमी' हा शब्द तेवढा गाळला होता. तू तो गाळू नकोस, आणि मैत्रिणीनं परत विचारलं तर तिला रानात गोल फिरणाऱ्या घोडीचं सांग.