सांगलीला समुद्र नाही, मग ही कॉलर आली कुठून?

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांचा चार-पाच वर्षांचे असतानाचा स्टुडिओतला फोटो माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला. पांढरा सदरा, खांद्यांवर पसरलेली गडद कॉलर, तिच्या कडेला तीन पांढऱ्या रेघा, गळ्यात काळा रुमाल आणि दोरीला शिट्टी. आमचं घर खणभागातलं, वकिलीचं. बोटीशी कुणाचा संबंध नाही. हा पोशाख आला कुठून? दीर म्हणतात, तीन रेघा म्हणजे इंग्रज दर्यासेनापती नेल्सनचे तीन विजय. तसाच पोशाख नातीला वाढदिवसाला शिवावा असं मनात आहे, पण जाऊबाई म्हणतात, तो मुलग्यांचा. — एक वाचक, सांगली

उत्तर : नातीला हा खलाशी पोशाख खुशाल शिवा. एकोणिसावं शतक संपायच्या आतच युरोपातल्या मुली ही कॉलर चुण्यांच्या स्कर्टवर सर्रास घालत होत्या.

सुरुवात मात्र एका मुलग्यापासून झाली. सप्टेंबर 1846 मध्ये व्हिक्टोरिया राणी शाही बोटीतून सहलीला निघाली होती. सोबत युवराज अल्बर्ट एडवर्ड, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला तो. तेव्हा त्याला पाचवं वर्ष चालू होतं. बोटीवर खलाशांचे कपडे शिवणारा जो शिंपी होता, त्याने हुबेहूब तसाच छोटा जोड युवराजासाठी शिवला. राणीने रोजनिशीत त्या शिवणीचं कौतुक केलं, पण शिंप्याचं नाव काही लिहिलं नाही. मला फार वाईट वाटतं याचं. पुढची शंभर वर्षं जगभरची मुलं त्याच्या हातचा बेत, म्हणजे कपड्याची धाटणी, अंगावर मिरवत होती! विंटरहाल्टर या चित्रकाराने त्याच कपड्यांत, खिशात हात घातलेल्या युवराजाचं चित्र काढलं आणि त्या ख्रिसमसला राणीने ते नवऱ्याला भेट दिलं. तो मूळ जोड लंडनच्या ग्रीनिचमधल्या सागरी संग्रहालयात अजून जपलेला आहे.

राजाच्या मुलाने घातलं म्हणून लोकांनी उचललं, हे खरंच. पण 1870 नंतर तो घरोघर पोचला आणि टिकला तो बेतामुळे, असं मी शिवणवर्गातल्या मुलींना नेहमी सांगते. हे कष्टकऱ्याचे कपडे. सदरा डोक्यातून घालायचा, पुढे बटणांची रांग नाही, बाही ढगळ. विजार खाली रुंद, म्हणजे डेक धुताना गुडघ्यापर्यंत गुंडाळता येते. त्याआधी श्रीमंताघरची पोरं मखमल आणि लेस लावून बसवलेली असायची. लहान मुलगे तर पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत झग्यातच. त्या मुलांना वाकता येईल, पळता येईल, आणि पुन्हा धुऊन घालता येईल असा कपडा मिळाला. पोराच्या अंगाला काय सोसतं हे ज्या कपड्याला कळतं, तो कपडा मला मोलाचा वाटतो.

जर्मनीत कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या आरमारवेडाने तो वाढला. तिथे तो कील बंदराच्या नावाने ओळखला जाई. रशियाचा शेवटचा युवराज अलेक्सेई फोटोंत बहुधा याच वेषात दिसतो. आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. संस्थानिकांच्या आणि वकील-डॉक्टरांच्या घरांतले मुलांचे जुने फोटो पाहा, कुठेतरी ही कॉलर दिसतेच. शिट्टीसुद्धा त्या जोडातलीच. बोटीवर हुकूम शिट्टीने देतात ना!

आता दिरांचं म्हणणं. नाईल, कोपनहेगन आणि ट्रॅफल्गार या तीन लढायांच्या तीन रेघा, ही गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. नेल्सन 1805 मध्ये ट्रॅफल्गारच्या लढाईत मारला गेला, आणि ब्रिटिश खलाशांचा गणवेश ठरला 1857 मध्ये. सगळ्यांच्या कॉलरी एकसारख्या दिसाव्यात म्हणून रेघांची संख्या ठरवली, इतकंच. काळा रुमालही नेल्सनच्या सुतकाचा नव्हे. खलाशी तो आधीपासून घाम टिपायला आणि डोक्याला बांधायला वापरत.

शिवताना चार गोष्टी सांभाळा. सदऱ्याला पांढरं कॉटन ड्रिल किंवा जाडसर पॉपलीन घ्या, सॅटिन नको. पुढचा आणि मागचा कागदी बेत खांद्याशी जुळवा. गळ्याच्या टोकाला बरोबर टेकवा, पण मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या, टोकाला अर्धा इंच एकावर एक चढवा. त्यावर कॉलर आखा. हा अर्धा इंच विसरलात तर कॉलर पाठीवर पसरट पडते आणि गळ्याची शिवण डोकावते. चढवलात तर ती मानेशी किंचित उठून छान वळते. पाठीवरचा चौकोन चार वर्षांच्या मुलीला पाच इंच खोल पुरे.

रेघांची पट्टी आदल्या रात्री पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि कॉलर चुरमडते. अस्तर जोडायच्या आधी पट्टी लावून घ्या. कोपऱ्यात ती कापू नका; तिरकी दुमडा, धावदोरा घाला, मगच टीप मारा. तिन्ही कोपरे एका तिरक्या ओळीत आले पाहिजेत. शिकाऊ हात आणि मुरलेला हात तिथे ओळखू येतो.

आणि कॉलर सदऱ्याला कायमची जोडू नका. ब्रिटिश खलाशांची कॉलर सुटीच असते, नाड्यांनी कमरेला बांधलेली. तुम्ही टिचबटणं लावा, म्हणजे ती काढून वेगळी धुता येते. निळा रंग पांढऱ्यावर उतरायची भीती नको.

प्रश्न : जपानी कार्टूनमधल्या शाळकरी मुली हीच कॉलर का घालतात? माझी मुलगी रोज विचारते. — एक आई, सातारा

उत्तर : तिथल्या मुलींच्या शाळांनी 1920 च्या सुमारास किमोनोऐवजी हा गणवेश धरला. फुकुओकातल्या एका मिशनरी शाळेने 1921 मध्ये तो सुरू केला, तिची मुख्याध्यापिका एलिझाबेथ ली. कारण तेच, मुलींना खेळता-पळता यावं. स्नेहसंमेलनासाठी शिवून हवा असेल तर मुलीच्या छातीचं, कमरेचं आणि उंचीचं माप कळवा. स्कर्टच्या चुण्यांना कापड किती लागेल ते पुढच्या अंकात सांगते.