वायफाय बंद केलं की पोरगं अंगावर येतंय

"मॅडम, रात्री एक वाजता हेडफोन लावून ओरडत बसतोय. वायफाय बंद केलं की अंगावर येतोय. व्यसन लागलंय का हो?" सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईचा हा प्रश्न. वडील लूमवर रात्रपाळीला, मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तास मोजण्याआधी मी मुलालाच खेळ समजावून सांगायला लावला. चिनी तलवारबाजांच्या कथांवर बेतलेला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम. पाच जणांची टीम: एक टँक मार झेलतो, तिघं हल्ला करतात आणि हीलर सगळ्यांना जिवंत ठेवतो. हा हीलर. एक डंजन, म्हणजे टीमने मिळून पार करायची एक मोहीम, वीस-तीस मिनिटं चालतं, त्यात पॉज नसतो. हीलर गायब झाला की बाकीचे चौघं मरतात. आई राउटर बंद करायची ती नेमकी या वेळी. त्याचा राग खेळ थांबल्याचा कमी आणि चौघांना तोंडघशी पाडल्याचा जास्त होता.

पण मग रात्री एक वाजताच का? कारण त्याची गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा गट, युरोपच्या सर्व्हरवर होती. जर्मनीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेअकरा. पालकांनी "किती वेळ खेळतोस?" याआधी "तुझी गिल्ड किती वाजता जमते?" हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं. सिंगापूरच्या वेळेवर चालणाऱ्या गिल्डचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. सर्व्हर बदलला तर बहुतेक खेळांत पात्र पहिल्यापासून घडवावं लागतं, म्हणून त्याला ते जड गेलं. शेवटी त्याने गिल्डच्या म्होरक्याला स्वतः कळवलं: रेड (गिल्डची मोठी मोहीम) फक्त शनिवारी, बाकी दिवस राखीव हीलर म्हणून दुसरा कुणीतरी.

घरी ठरलं ते असं. रोजची छोटी कामं जेवणाआधी. शनिवारची रेड सोडली तर साडेनऊनंतर नवं डंजन सुरू करायचं नाही. चालू असेल ते संपू द्यायचं, राउटरला कुणी हात लावायचा नाही. फोन रात्री आईच्या खोलीत चार्जिंगला. रविवारीसुद्धा उठायची वेळ फार पुढे न्यायची नाही, नाहीतर सोमवारची झोप पुन्हा बिघडते. पैशांचंही पाहिलं: प्ले स्टोअरमधला खरेदीचा इतिहास त्याच्यासोबत बसून तपासला, यूपीआय ऑटोपे काढला, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. या तिन्हींमुळे शिक्षण, घर, नाती यांची मोठी हानी आणि हे सगळं साधारण 12 महिने. या मुलाचे मित्र टिकून होते, प्रॅक्टिकल चुकत नव्हती, बिघडली होती ती झोप. मुलगा मारहाणीवर आला, जेवण सुटलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, तर मात्र महिने मोजत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा.

हे ठरलेलं सुरुवातीला मोडलं, ते गेममध्ये नवा इव्हेंट आला तेव्हा. मर्यादित दिवसांची बक्षिसं असली की मुलं पुन्हा जागतात. आता इव्हेंट जाहीर झाला की तो तारखा आईला आधी सांगतो आणि त्या दिवसांचं वेळापत्रक दोघं वेगळं ठरवतात.